जुन्या स्पेक्ट्रमला नवा कीबोर्ड

पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ साली इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीचा ‘स्पेक्ट्रम प्लस’ हा घरगुती संगणक परवाना घेऊन भारतात आणला. इथे त्याचे नाव ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ झाले. घरच्या टीव्हीला जोडायचा, कॅसेट प्लेअरवरून प्रोग्राम भरायचा आणि बेसिक भाषेत आपला प्रोग्राम आपणच लिहायचा, असा तो संगणक. काही हजार यंत्रे खपली आणि १९९०च्या सुमारास ही बाजारपेठ आटली.

पुण्याहून नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, सव्वाशे किलोमीटरच्या आतच. लोणीचे प्रवरा आणि संगमनेरचे अमृतवाहिनी ही दोन्ही अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ साली सुरू झाली. म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अभियंत्यांची पहिली मोठी पिढी घडत होती, त्याच काळातला हा संगणक. नगर, श्रीरामपूर, कोपरगाव किंवा जामखेडच्या एखाद्या घरात असे यंत्र कपाटातून बाहेर निघाले, तर बहुतेक वेळा एकच तक्रार समोर येते. पडद्यावर चित्र येते, पण बटणे दाबली तरी अक्षर उमटत नाही.

अशा वेळी साहजिकच वाटते, की घरात यूएसबी कीबोर्ड पडून आहे, तोच जोडावा. तो जोडता येतो आणि उत्तम चालतो. मात्र नुसती पिन खोचून हे काम होत नाही, कारण यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ची आणि स्पेक्ट्रम बाजारात आला २३ एप्रिल १९८२ रोजी. दोघांच्या मध्ये एक छोटे यंत्र बसवावे लागते. ते काय काम करते हे समजून घेतले, तर इलेक्ट्रॉनिक्सची जुजबी ओळख असलेल्या माणसालाही ते बनवता येते. यात एक गोष्ट मात्र आधीच ठरवून घ्यावी: मूळ यंत्राचा एकही ट्रॅक तोडायचा नाही. जे काही जोडू, ते उद्या काढून यंत्र पूर्ववत करता आले पाहिजे. असे संगणक आता नव्याने तयार होणार नाहीत, म्हणून ही अट.

आधी वीज, मग कीबोर्ड

वर्षानुवर्षे बंद असलेला संगणक बाहेर काढला की हात थेट स्विचकडे जातो. तो आवरावा. स्पेक्ट्रमला नऊ व्होल्ट डीसी लागतात आणि त्याच्या गोल पिनेत आतला भाग ऋण, बाहेरचा धन असतो. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरमध्ये हे नेमके उलटे असते. घरातल्या राउटरचा नऊ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पिन बसते म्हणून लावला, तर आतले भाग जळू शकतात. मूळ अ‍ॅडॉप्टर असेल तर आधी तो एकटाच मल्टिमीटरने तपासावा. भार नसताना तो नऊऐवजी बारा-तेरा व्होल्ट दाखवेल. त्या काळचे अ‍ॅडॉप्टर रेग्युलेटेड नसत, त्यामुळे यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र वायरीचे आवरण तडकलेले असेल किंवा डबा जळका वास देत असेल, तर तो वापरू नये. नवा घ्यायचा झाल्यास दोन अँपिअरचा घ्यावा आणि पिनेचे धन-ऋण मीटरने पाहूनच जोडावा.

संगणकाच्या मागच्या बाजूला लांब एज कनेक्टर आहे. यंत्र चालू असताना तिथे काहीही लावायचे किंवा काढायचे नाही. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ केबी मेमरीच्या चिप्सना पाचबरोबर बारा आणि उणे पाच व्होल्टही लागतात. ते बनवणारे सर्किट नाजूक असते आणि तिथल्या क्षणभराच्या शॉर्टमुळेही त्या चिप्स जातात.

वीज दिल्यावर पडदा काळा होऊन पांढरा झाला आणि तळाशी सिंक्लेअर रिसर्चची १९८२ सालची कॉपीराइटची ओळ आली, तर प्रोसेसर, रॉम आणि मेमरी शाबूत आहेत असे समजावे. त्यानंतरच दोष कीबोर्डचा म्हणायचा. ती ओळच येत नसेल तर नवा कीबोर्ड जोडून काही उपयोग नाही. आधी मदरबोर्डची दुरुस्ती करावी.

बटणे मरतात कशी?

स्पेक्ट्रम प्लसवर ५८ बटणे दिसतात. आतल्या जाळ्यात मात्र ४०च स्विच आहेत, १९८२च्या रबरी बटणांच्या मॉडेलमध्ये होते तेवढेच. डिलीट, बाण, पूर्णविराम अशी जादा बटणे आतून दोन-दोन स्विच एकदम दाबतात. डिलीट म्हणजे कॅप्स शिफ्ट आणि शून्य, डावा बाण म्हणजे कॅप्स शिफ्ट आणि पाच.

हे ४० स्विच मेंब्रेन नावाच्या पातळ प्लास्टिकच्या थरांवर छापलेले असतात. मेंब्रेनमधून दोन पट्ट्या बाहेर येतात, एक आठ वायरींची आणि दुसरी पाच वायरींची. त्या मदरबोर्डवरच्या दोन सॉकेटमध्ये खोचलेल्या असतात. चाळीसेक वर्षांत आतल्या उष्णतेने आणि नगरसारख्या कोरड्या, कडक उन्हाळ्याच्या हवेने या प्लास्टिकची लवचिकता जाते. सॉकेटच्या तोंडाशी जिथे पट्टी वाकते, तिथेच ती तडकते.

कोणती वायर तुटली, हे बंद पडलेल्या बटणांवरून लगेच ओळखता येते. ए, एस, डी, एफ, जी ही शेजारची पाच बटणे एकदम गेली असतील तर आठ वायरींच्या पट्टीतली एक तुटली आहे. एक, शून्य, क्यू, पी, ए, एंटर, कॅप्स शिफ्ट आणि स्पेस ही विखुरलेली आठ बटणे एकदम गेली असतील तर पाच वायरींच्या पट्टीतली पहिली तुटली आहे. एखाददुसरेच बटण बंद असेल तर ट्रॅक ठीक आहेत, तेवढ्याच जागी थर खराब झाला आहे.

इथे थांबून एक प्रामाणिक सल्ला द्यायला हवा. यंत्र मुळात होते तसेच ठेवायचे असेल, तर नवी मेंब्रेन बसवणे हाच सर्वांत सोपा उपाय आहे. स्पेक्ट्रम आणि स्पेक्ट्रम प्लस या दोन्हींसाठी नव्याने बनवलेल्या मेंब्रेन परदेशातून मागवता येतात. ऑर्डर देताना आपले मॉडेल कोणते हे नीट लिहावे, कारण दोन्हींच्या मेंब्रेन वेगळ्या आहेत. यूएसबी कीबोर्डचा मार्ग कोणी घ्यावा? ज्याला त्या यंत्रावर बसून रोज भरपूर टाइप करायचे आहे, ज्याची मूळ बटणेच हरवली आहेत, किंवा ज्याला मूळ कीबोर्ड झिजू न देता विद्यार्थ्यांच्या हातात संगणक द्यायचा आहे, त्याने.

दोन वेगळ्या रीती

स्पेक्ट्रमचा कीबोर्ड स्वतः काहीच पाठवत नाही. त्यात चिप नाही, कोड नाही. सगळे काम प्रोसेसर करतो. ४० स्विच आठ ओळी आणि पाच स्तंभांत मांडलेले आहेत. वर्गात बाई रांगेरांगेने हजेरी घेतात, तसा प्रोसेसर सेकंदाला ५० वेळा आठही ओळींची हजेरी घेतो. ओळ निवडायला तो आपल्या अ‍ॅड्रेसच्या वरच्या आठ वायरी, म्हणजे ए ८ ते ए १५, वापरतो. ज्या ओळीची चौकशी चालू असेल ती वायर शून्यावर जाते. त्या ओळीतले बटण दाबलेले असेल तर ते शून्य स्विचमधून स्तंभाच्या वायरीवर उतरते आणि यूएलए ही चिप ते वाचते. बटण दाबलेले नसेल तर दहा किलोओहमच्या रेझिस्टरमुळे स्तंभ पाच व्होल्टवर राहतो. म्हणून इथे दाबलेले बटण म्हणजे शून्य आणि सुटलेले बटण म्हणजे एक.

यूएसबी कीबोर्डची रीत याच्या अगदी उलट आहे. त्याच्या पोटात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. तो बटणांची स्थिती आठ बाइटच्या निरोपात बांधतो. पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट अशी बटणे, दुसरा बाइट राखीव आणि उरलेल्या सहांत दाबलेल्या बटणांचे क्रमांक असतात. हा निरोप तो स्वतःहून पाठवत नाही. समोर ‘होस्ट’ असावा लागतो आणि त्याने विचारल्यावरच कीबोर्ड उत्तर देतो. स्पेक्ट्रमला होस्ट होता येत नाही, त्यामुळे यूएसबीच्या वायरी कापून मदरबोर्डला जोडल्या तरी तिथे काही घडणार नाही.

आता मधल्या यंत्राची कामे स्पष्ट होतात. त्याने होस्ट बनून कीबोर्डकडून निरोप घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूला ४० खरेखुरे स्विच उघडबंद करायचे. स्पेक्ट्रमला वाटले पाहिजे की त्याची जुनी मेंब्रेनच दाबली जात आहे.

स्विचची चिप

या ४० स्विचसाठी ४० रिले लावायची गरज नाही. एमटी ८८१६ ही ४० पिनांची चिप मुळात लहान टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आवाजाच्या लाइन जोडण्यासाठी बनवलेली आहे. तिच्या आत १६ गुणिले आठ असे १२८ इलेक्ट्रॉनिक स्विच आहेत. कोणताही स्विच क्रमांक सांगून बंद करता येतो (बंद म्हणजे जोडलेला, उघडा म्हणजे तुटलेला) आणि पुढचा हुकूम येईपर्यंत तो तसाच राहतो. बंद झालेल्या स्विचमध्ये थोडा ओहमिक अडथळा उरतो, पण स्तंभावर दहा किलोओहमचा रेझिस्टर असल्याने तो मुळीच जाणवत नाही.

आपल्याला आठ गुणिले पाचच हवे आहेत. म्हणून मेंब्रेनच्या आठ ओळी चिपच्या वाय ० ते वाय ७ या पिनांना जोडाव्यात आणि पाच स्तंभ एक्स ० ते एक्स ४ यांना. उरलेल्या एक्स पिना मोकळ्या सोडाव्यात. व्हीडीडीला पाच व्होल्ट द्यावेत, व्हीएसएस आणि व्हीईई दोन्ही ग्राउंडला लावाव्यात आणि चिप सिलेक्टची पिन पाच व्होल्टवर बांधून टाकावी. मायक्रोकंट्रोलरकडून दहाच वायरी येतात: चार एक्सच्या पत्त्याच्या, तीन वायच्या, एक डेटा, एक स्ट्रोब आणि एक रिसेट. स्विच बदलायचा म्हणजे पत्ता लावायचा, डेटावर एक किंवा शून्य ठेवायचे आणि स्ट्रोब वर नेऊन खाली आणायचा. सुरुवातीला एकदा रिसेट दिला की सगळे स्विच उघडे होतात.

मायक्रोकंट्रोलर कोणता?

इथे दोन रस्ते आहेत. कोणता घ्यायचा, हे आपल्या कीबोर्डवर ठरते.

पहिला रस्ता पीएस-टूचा. अनेक जुन्या यूएसबी कीबोर्डमध्ये १९८७ सालची पीएस-टू पद्धतही आत शिल्लक असते. खोक्यात जांभळा कन्व्हर्टर आला असेल, तर कीबोर्डला ती भाषा येते. शंका असेल तर मागे जांभळे गोल सॉकेट असलेल्या एखाद्या जुन्या डेस्कटॉपला कन्व्हर्टरमधून जोडून पाहावे. तिथे चालला तर प्रश्न मिटला. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आणि सरकारी कार्यालयांत दिसणारा टीव्हीएस गोल्ड हा खटखट आवाजाचा यांत्रिक कीबोर्ड पीएस-टूच्या पिनेसहही विकला गेला आहे. असा एखादा हाताशी असेल तर फारच उत्तम.

पीएस-टू कीबोर्ड होस्टने विचारण्याची वाट पाहत नाही. बटण दाबले की तो क्लॉक आणि डेटा या दोन वायरींवर ११ बिटांत कोड पाठवतो. हे समजून घ्यायला पाच व्होल्टवर चालणारा साधा अर्डुइनो नॅनो पुरतो आणि तो काही शे रुपयांत मिळतो. यूएसबीच्या डी प्लसची वायर इथे क्लॉक होते आणि डी मायनसची डेटा. अर्डुइनो आणि एमटी ८८१६ दोन्ही पाच व्होल्टचे, त्यामुळे व्होल्टेज जुळवण्याचा प्रश्नच येत नाही. पहिल्यांदाच हे करणाऱ्याने हाच रस्ता धरावा.

दुसरा रस्ता खऱ्या यूएसबीचा. अलीकडच्या बहुतेक कीबोर्डमध्ये पीएस-टू नसते. त्यांच्यासाठी जानेवारी २०२१मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको चांगला. त्याला टायनीयूएसबी या मुक्त लायब्ररीच्या मदतीने होस्ट बनवता येते. त्याच्या छोट्या यूएसबी सॉकेटला ओटीजी केबल लावायची, तिला कीबोर्ड जोडायचा आणि पिकोच्या ४० नंबरच्या व्हीबस पिनेतून पाच व्होल्ट आत द्यायचे. काळजी एकच. पिको ३.३ व्होल्टचा आहे आणि त्याच्या पिनांना पाच व्होल्ट सोसत नाहीत. म्हणून पिको आणि एमटी ८८१६ यांच्यामध्ये पाच व्होल्टवर चालणाऱ्या ७४एचसीटी५४१ या बफर चिप्स घालाव्यात. चिपच्या नावात ‘एचसीटी’च असावे. ‘एचसी’ मालिकेला पाच व्होल्टवर ३.३ व्होल्टचा सिग्नल खात्रीने ‘एक’ वाटेलच असे नाही. एका चिपमध्ये आठ वाटा असतात आणि आपल्या वायरी दहा, म्हणून दोन चिप्स लागतील.

जोडणीचा क्रम

एकदम सगळे जोडून वीज देऊ नये. टप्प्याटप्प्याने गेले तर चूक कुठे झाली ते कळते.

आधी ब्रेडबोर्डवर मायक्रोकंट्रोलर आणि कीबोर्ड एवढेच जोडावेत आणि लॅपटॉपच्या पडद्यावर कोड दिसतात का ते पाहावे. पीएस-टूमध्ये ‘ए’ दाबल्यावर १सी आणि सोडल्यावर एफ० १सी असे हेक्स कोड आले, तर पहिला टप्पा पार पडला.

मग एमटी ८८१६ जोडावी, पण स्पेक्ट्रम अजून दूरच ठेवावा. मल्टिमीटर ओहमवर लावून एक टोक वाय ०ला आणि दुसरे एक्स ०ला धरावे. त्या जागेचे बटण दाबले की अडथळा काहीशे ओहमपर्यंत खाली यावा आणि सोडले की वाचन पुन्हा अमर्याद व्हावे. वायरींची आठ गुणिले पाच अशी ४० जोडांची यादी कागदावर मांडून प्रत्येक जोड तपासावा. काम कंटाळवाणे आहे, पण इथे घालवलेला अर्धा तास पुढचा सगळा मनस्ताप वाचवतो. एमटी ८८१६ ही सीमॉस चिप आहे. नगरच्या कोरड्या हिवाळ्यात अंगावर साठलेल्या विजेनेही ती खराब होऊ शकते, म्हणून हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करावा.

त्यानंतर स्पेक्ट्रम उघडावा. तळाचे स्क्रू काढून वरचे झाकण हळूच उचलावे, कारण ते दोन्ही पट्ट्यांनी खालच्या बोर्डला अडकलेले असते. पट्ट्या सॉकेटमधून सरळ वर ओढून काढाव्यात, वाकवू नयेत. मेंब्रेन सपाट ठेवून दोन कागदांच्या मध्ये जपून ठेवावी. आता बोर्ड उलटा करून कीबोर्डच्या दोन सॉकेटच्या सोल्डर केलेल्या टोकांना पातळ वायरी लावाव्यात. २५ वॅटची अणकुचीदार सोल्डरिंग आयर्न पुरते. एका टोकावर तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, नाहीतर जुन्या बोर्डवरचा तांब्याचा ट्रॅक सुटून येतो. एकूण १३ वायरी आणि एक ग्राउंडची. त्या पिन कनेक्टरवर आणाव्यात, म्हणजे नवे सर्किट केव्हाही वेगळे करता येईल. ट्रॅक कापलेला नाही, सॉकेट काढलेले नाही. उद्या नवी मेंब्रेन आली तर ती पूर्वीसारखीच खोचता येईल.

नव्या सर्किटला वीज स्पेक्ट्रममधून घेऊ नये. त्याचा ७८०५ रेग्युलेटर आधीच तापून चालत असतो आणि यूएसबी कीबोर्ड, विशेषतः दिवे लागणारा, त्याच्यावर नाहक भार टाकतो. मोबाइलचा चांगल्या प्रतीचा पाच व्होल्टचा चार्जर लावावा आणि दोन्हींचे ग्राउंड एकत्र जोडावे. ग्राउंड न जोडता काम केले, तर कधी चालेल, कधी नाही, आणि दोष मात्र सापडणार नाही. सुरू करताना आधी नवे सर्किट, मग स्पेक्ट्रम. बंद करताना याच्या उलट क्रम ठेवावा.

प्रोग्राममधल्या तीन खाचाखोचा

प्रोग्राम म्हणजे मुख्यतः एक तक्ता: नव्या कीबोर्डचे कोणते बटण जुन्या जाळ्यातल्या कोणत्या स्विचला किंवा स्विचच्या जोडीला लागते. शिफ्टला कॅप्स शिफ्ट द्यावे आणि कंट्रोलला सिंबॉल शिफ्ट. बॅकस्पेस म्हणजे कॅप्स शिफ्ट अधिक शून्य. बाण म्हणजे कॅप्स शिफ्टबरोबर पाच, सहा, सात, आठ. स्वल्पविराम म्हणजे सिंबॉल शिफ्ट अधिक एन आणि पूर्णविराम म्हणजे सिंबॉल शिफ्ट अधिक एम. एस्केपला कॅप्स शिफ्ट अधिक स्पेस दिले तर प्रोग्राम थांबवण्याचे ब्रेक बटण मिळते.

पहिली खाच वेळेची. जोडबटणात आधी शिफ्टचा स्विच बंद करावा, सुमारे २० मिलिसेकंद थांबावे आणि मग दुसरा बंद करावा. सोडताना उलट. स्पेक्ट्रम दर २० मिलिसेकंदांनी कीबोर्ड वाचतो. शिफ्ट उशिरा पोहोचली तर बॅकस्पेसच्या जागी शून्य उमटते.

दुसरी खाच मोजणीची. एकच कॅप्स शिफ्ट शिफ्टलाही हवी आणि बॅकस्पेसलाही. दोन्ही दाबलेली असताना एक सोडले म्हणून स्विच उघडला, तर दुसऱ्याचा अर्थ बदलतो. म्हणून प्रत्येक स्विच किती बटणांनी धरून ठेवला आहे, याचा आकडा ठेवावा आणि तो शून्यावर आला तरच स्विच उघडावा.

तिसरी खाच पुनरावृत्तीची. बटण दाबून धरले की पीएस-टू कीबोर्ड तोच कोड पुन्हापुन्हा पाठवतो. तो दुर्लक्षून टाकावा, कारण स्पेक्ट्रमचा रॉम अक्षराची पुनरावृत्ती स्वतःच करतो. पहिली साधारण पाऊण सेकंदाने, पुढच्या सेकंदाला दहा या गतीने. यूएसबीच्या निरोपात हा घोळ नाही. तिथे जुना निरोप आणि नवा निरोप ताडून कोणते बटण आले आणि कोणते गेले एवढेच पाहायचे.

सगळे जोडल्यावर चाचणीसाठी एक ओळीचा बेसिक प्रोग्राम पुरतो. प्रिंटपुढे इन ६५०२२ लिहावे आणि गो टूने त्याच ओळीवर परत यावे. पडद्यावर बोर्डच्या आवृत्तीप्रमाणे २५५ किंवा १९१ येत राहील. ए दाबल्यावर हा आकडा एकने उतरतो, एसने दोनने, डीने चारने, एफने आठने आणि जीने सोळाने. असे घडले तर त्या ओळीची पाचही बटणे बिनचूक लागली. क्यूच्या ओळीसाठी ६४५१०, एक ते पाचसाठी ६३४८६, शून्य ते सहासाठी ६१४३८, पीच्या ओळीसाठी ५७३४२, एंटरच्या ओळीसाठी ४९१५०, स्पेसच्या ओळीसाठी ३२७६६ आणि कॅप्स शिफ्टच्या ओळीसाठी ६५२७८ हे आकडे वापरावेत.

बसण्याआधी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये हुकूम अक्षर-अक्षर लिहायचे नसतात. ओळीच्या सुरुवातीला पी दाबले की पूर्ण ‘प्रिंट’ उमटते, जे दाबले की ‘लोड’. नव्या कीबोर्डवर हे शब्द छापलेले नसतात, म्हणून मूळ कीबोर्डचा फोटो काढून शेजारी ठेवावा किंवा बटणांवर छोटे स्टिकर लावावेत.

इतर संगणकांचे काय?

एमटी ८८१६ हीच चिप कमोडोर ६४लाही चालते. त्याचे जाळे आठ गुणिले आठचे आहे आणि रिस्टोर बटणाची वायर तेवढी वेगळी येते. १९८४-८५मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशातल्या सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो पोहोचले. त्यातला एखादा कोणाकडे असेल तर कीबोर्ड बदलण्याचा विचार आधी करू नये. त्याची बटणे खऱ्या स्विचची आहेत. बहुतेकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केली की ती पुन्हा चालू लागतात.

जुन्या आयबीएम पद्धतीच्या पीसीचे गणित आणखी सोपे आहे. एटी, म्हणजे २८६ किंवा ३८६ यंत्राला पाच पिनांचे मोठे गोल सॉकेट असते, पण भाषा पीएस-टूचीच. पीएस-टू येणारा यूएसबी कीबोर्ड दोन साध्या कन्व्हर्टरमधून सरळ चालतो. मात्र त्याहून जुन्या एक्सटीचे सॉकेट दिसायला हुबेहूब तसेच असले तरी भाषा वेगळी आहे. तिथे मायक्रोकंट्रोलरचा कन्व्हर्टर लागतोच.

सामान आणि हात

अर्डुइनो, पिको, बफर चिप्स आणि वायरी पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. एमटी ८८१६ दुकानात सहज मिळेलच असे नाही, ती ऑनलाइन मागवावी. खरेदी करताना एकाच्या जागी दोन घ्याव्यात. सोल्डरिंगचा हात नसेल तर गावातला टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर ते १४ डाग तासाभरात नीट लावून देईल. त्याला वायरींचा तक्ता कागदावर लिहून द्यावा, तोंडी सांगू नये.

लोणी, संगमनेर, विळद घाट इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या आणि नगरच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या विद्यार्थ्यांसाठी हा एक नेमका लघुप्रकल्प आहे. यात यूएसबी आहे, मॅट्रिक्स स्कॅनिंग आहे, व्होल्टेज जुळवणे आहे आणि वेळेचे भान आहे. प्राध्यापकांनी तो विषय म्हणून द्यावा. आणि ज्यांच्या हातून जोडणी पूर्ण होईल, त्यांनी १३ वायरींचा तक्ता, तारीख आणि प्रोग्रामची प्रत संगणकाच्या तळाशी चिकटवून ठेवावी, जुनी मेंब्रेन आणि मूळ बटणे पिशवीत घालून त्यासोबतच ठेवावीत. पुढे हे यंत्र ज्याच्या हाती जाईल, त्याला त्यांची गरज पडणार आहे.